पणजोबांच्या क्रूसावरचं साल

रोझेनटाल, नॉर्थ डकोटा
बुधवार, २ ऑक्टोबर

तीर्थरूप टिल्लीताईस,

धाकट्या आलोइसचा नमस्कार. एरवी वाकून केला असता, पण हल्ली वाकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, म्हणून हा नमस्कार खुर्चीत बसून, टेबलाची कड धरून केला आहे असं समज. तुझी तब्येत कशी आहे? तिकडे तुमच्या लोडाय गावी अजून उकाडा आहे का? तुझे गुडघे, तुझं मांजर आणि तुझा तो खणखणीत आवाज, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. वारा आहे. सहा कोंबड्या आहेत, पैकी पाच अंडी देतात आणि सहावी नुसती ओरडते. कोंबड्यांच्या वाड्याचं फाटक मात्र कलंडलं आहे. खांब कुजला, त्यामुळे उघडताना अख्खं फाटक उचलावं लागतं आणि मला जड उचलायची मनाई आहे. (कोणी केली ते पुढे येईलच. तू घाबरू नकोस. घाबरण्याचं खातं आपल्या घरात पहिल्यापासून माझ्याकडे आहे.)

नऊ वर्षांत मी तुला नाताळच्या कार्डावर नावापलीकडे काही लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस, आणि आज एकदम एवढं जाडजूड पाकीट पाहून तुला वाटेल की आलोइसचं डोकं फिरलं. तसं नाही. आईच्या दफनाच्या दिवशी चर्चच्या तळघरात, कूखन केकच्या ताटापाशी, फादरांच्या देखत तू मला म्हणालीस, "आई चौऱ्याण्णव वर्षं जगली आणि शेवटी तुझ्या भित्रेपणाला कंटाळून गेली बिचारी." मला लागलं ते. त्या दिवशी माझ्या हातात कूखनचा तुकडा होता, तो मी तसाच कोटाच्या खिशात घातला आणि घरी आलो. माझ्या लॉरेटाने तो कोट धुवायला काढला तेव्हा तिला वाटलं, खिशात उंदीर मेला आहे. ती गेली त्यालाही आता चार वर्षं झाली. तू तेव्हा फुलं पाठवलीस, मी पोचपावती पाठवली नाही. असो. मी भित्रा आहे हे मला ठाऊक आहे, फादरांनाही ठाऊक होतं, कूखन वाढणाऱ्या बायकांनाही ठाऊक होतं. मग मोठ्याने सांगायची काय गरज होती?

तर झालं असं. ऑगस्टमध्ये चर्चच्या पायऱ्या चढताना सातव्या पायरीवर मी बसलो. बसायचा विचार नव्हता, पाय आपोआप बसले. मग मला बिस्मार्कच्या इस्पितळात नेलं आणि तिथे डॉक्टर लिंडक्विस्ट नावाच्या गृहस्थाने मला तपासलं. माणूस स्वीडिश वळणाचा, म्हणजे आवाज न चढवता वाईट बातमी देणारा. म्हणाला, हृदयाची एक झडप ताठ झाली आहे, नीट उघडत नाही, ती काढून नवी बसवावी लागेल. मी विचारलं, नाही बसवली तर? तो खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "हा हिवाळा. फार तर पुढचा." असं म्हणून त्याने जड उचलायची मनाई केली आणि मला एक फॉर्म दिला. घराण्यात कोण, कितव्या वर्षी, कशाने गेलं ते त्यात लिहायचं. मी सांगितलं, आधी फॉर्म भरतो, मग ऑपरेशनचं बघू. तो म्हणाला, पाच मिनिटांचं काम आहे. त्याला आपलं घराणं माहीत नाही.

आईवडिलांचे रकाने भरले. बाबा एकसष्टाव्या वर्षी, प्रवचन चालू असताना, छातीत कळ येऊन. (प्रवचन संपेपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही, हे लिहायला जागा नव्हती.) आजोबांसाठी रकाना नव्हता, तरी मी समासात लिहिलं: इग्नाट्झ, एकोणऐंशी, तळ्यावरचा बर्फ फुटून, यात हृदयाचा दोष नाही, बर्फाचा आहे. आणि मग पेन अडलं ते वेंडेलिन पणजोबांपाशी. ताई, तुला वेगळं सांगायला नको. लोहार वेंडेलिन हाइसलर, वय सत्तेचाळीस, ऐरणीसमोर उभ्या उभ्या, घण वर उचललेला, आणि छाती फुटून खलास.

आजोबा दर नोव्हेंबरात मृतांच्या सणाला आपल्याला दफनभूमीत नेऊन ही गोष्ट सांगत, आठवतं ना? तू चौदाची होतीस, लक्ष न देता सूर्यफुलाच्या बिया फोडायचीस. मी नऊचा होतो आणि मला लक्ष न देणं जमत नसे. आजोबा अठराव्या वर्षी, अठराशे शहाण्णव साली, बापाशी भांडले. मला लोहार व्हायचं नाही म्हणाले, हातोडा जमिनीवर टाकला आणि चालत कॅनडाला निघून गेले. पन्नास वर्षांनी म्हातारे होऊन, बाबांना, आईला आणि तीन वर्षांच्या तुला घेऊन परत आले, आणि ट्रकमधलं सामान उतरवायच्या आधी थेट दफनभूमीत गेले. तिथे पणजोबांचा क्रूस. गावातल्या सगळ्यांचे क्रूस पणजोबांनीच घडवलेले, त्यांचा स्वतःचाही त्यांनीच. त्यावर नाव, त्याखाली १८५०, त्याखाली १८९७. म्हणजे मुलगा गेला आणि वर्षाच्या आत बाप गेला. आजोबा तिथेच गवतात बसले. आणि मग मरेपर्यंत अकरा वर्षं आपल्याला सांगत राहिले की माझ्यामुळे बापाची छाती फुटली, आणि हाइसलरांची छाती मुळातच कच्ची आहे, पोरांनो, जपा.

आपण काय जपलं ते तूच बघ. बाबांनी सेहेचाळिसाव्या वर्षी मृत्युपत्र केलं, काळा सूट इस्त्री करून कपाटात बाहेरच्या बाजूला टांगला आणि वर्षभर न्हाव्याला वस्तऱ्याला हात लावू दिला नाही. मी सत्तेचाळीस लागलं त्या दिवसापासून शिडी सोडली. त्या वर्षी गारपिटीत आमचं छप्पर फुटलं, तर लॉरेटा वर चढून पत्रे ठोकत होती आणि मी खाली डोळे मिटून शिडी धरून उभा होतो. शेजारचे जाता येता टोपी काढून नमस्कार करत, मला नव्हे, तिला. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, आमच्यापाठी मेलेला लोहार होता.

आता तूच सांग, अशा छातीवर सुरी चालवू द्यायची का? कच्च्या लोखंडावर घण घातला तर ते तडकतं. म्हणून ठरवलं की पणजोबांचं काय ते एकदा कागदोपत्री नक्की करायचं. खरं सांगू? मला ते सिद्ध व्हायला हवं होतं. म्हणजे डॉक्टरांना सांगता आलं असतं, बघा, आमची छाती ऑपरेशनच्या लायकीची नाही, आणि मी हिवाळाभर कोंबड्यांत स्वस्थ बसलो असतो.

तालुक्याच्या वाचनालयात जुने कागद बर्नडीन नावाची बाई सांभाळते. साठीची आहे, सूर्यफुलाच्या बिया दातांत फोडत असते आणि टरफलं कॉफीच्या कपात टाकते. (एकदा मी चुकून त्या कपातली कॉफी प्यायलो. तो वेगळा विषय.) तिला म्हटलं, १८९७ साली मेलेला माणूस शोधायचा आहे. तिने यंत्रात जुन्या कागदांच्या फिल्मचं एक रीळ चढवलं, फिरवलं आणि दाढेतली बी तशीच ठेवून म्हणाली, "सत्त्याण्णवला नक्की मेला ना तो?"

"लोखंडात कोरलंय बाई."

"मग १९००च्या शिरगणतीत काय करतोय? हे बघ. वेंडेलिन हाइसलर, वय पन्नास, बायको काथारीना, धंदा लोहार. जिवंत माणसाला विचारून लिहितात रे हे."

मी म्हटलं, दुसरा असेल. आपल्या लोकांत सगळ्या पुरुषांत मिळून चारच नावं, तुला माहीतच आहे. बर्नडीन म्हणाली, असेल. आणि तिने १९१०चं रीळ लावलं. वेंडेलिन हाइसलर, साठ, लोहार, तीच बायको. १९२०: सत्तर, लोहार, विधुर. १९३०: ऐंशी, लोहार. ताई, मेलेला माणूस दर दहा वर्षांनी शिस्तीत दहा वर्षांनी म्हातारा होत होता! आणि धंदा सोडायला तयार नव्हता. रोझेनटालला पहिल्यापासून एकच भट्टी, एकच लोहार, त्यामुळे दुसरा वेंडेलिन म्हणायलाही सोय नाही. "चिवट दिसतंय भूत," असं म्हणून बर्नडीनने बी फोडली. त्या आवाजाने मी खुर्चीवरून उठलो तो थेट गाडीत जाऊन बसलो. चष्मा तिच्या टेबलावर राहिला, तो तिने दुसऱ्या दिवशी घरी आणून दिला.

दफनभूमीत जाऊन क्रूस एकदा नीट पाहावा असं मनात आलं. गेलो, पण भर दुपारी बारा वाजता, लख्ख उन्हात, गाडीचं इंजिन चालू ठेवून आणि दार उघडं टाकून. क्रूस तसाच आहे. माथ्यावर पत्र्याचा सूर्य, बाजूंना लोखंडी वेली, आणि एका अंगाला ती दोन भोकं, ज्यांत आजोबा मेणबत्त्या खोचायचे. १८९७ अगदी ठसठशीत. मी जवळ जाऊन शेवटचा सातचा आकडा बोटाने चाचपला, तेवढ्यात वारा सुटला आणि त्या पत्र्याच्या सूर्यातून असा काही आवाज आला, की कोणीतरी लांब श्वास ओढतंय. मी मागे वळून पाहिलं नाही. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, झडप ताठ झालेली असताना, मी दोन थडग्यांवरून उडी मारली. (ती क्लेमेन्स कुटुंबाची होती. मी नंतर मनातल्या मनात माफी मागितली.) टोपी तिथेच उडाली. ती अजून तिथेच कुठेतरी असेल, ज्याला सापडेल त्याने घालावी.

शेवटी बर्नडीननेच सुचवलं की वृद्धाश्रमातल्या ब्रिगिटाआजींना विचार. त्या एकोणतीस सालच्या, म्हणजे नव्वद वर्षांच्या, आणि जन्मापासून गाव सोडलेलं नाही. मी कूखन घेऊन गेलो. त्या खिडकीपाशी बसल्या होत्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "कोणाचा रे तू?"

"इग्नाट्झ हाइसलरचा नातू, आजी."

"अगं बाई! म्हणजे मेलेल्या लोहाराचा पणतू!" आणि हसायला लागल्या त्या कवळी हातात काढून ठेवून.

मी पलंगाची कड धरली. विचारलं, मेलेला लोहार म्हणजे? तुम्ही पाहिलाय त्यांना? तर म्हणाल्या, "पाहिलाय म्हणजे? माझा दुधाचा दात त्यानेच उपटला. सांडशीने. मी भोकाड पसरलं तर म्हणतो कसा, रडतेस काय गं, मी मेलोय तरी रडत नाही." मग त्यांनी कवळी परत बसवली आणि सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, कारण आपल्या घराण्याच्या तीन पिढ्यांची झोप त्यापायी उडाली आहे.

सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात गावात विषमज्वराची साथ आली. जमीन गोठलेली, शेतीचं काम नाही आणि पणजोबा दिवसरात्र क्रूस घडवत होते. अकरा केले. बारावा करायच्या वेळी त्यांनाच ताप भरला. चाळीस मैलांत दुसरा लोहार नाही आणि दुसऱ्याच्या हातचं काम त्यांना पसंत पडायचं नाही, म्हणून त्यांनी विचार केला की आपण मेलो तर आपला क्रूस कोणीतरी वेडावाकडा करणार, त्यापेक्षा अंगात धग आहे तोवर आपणच करावा. दोन घाव घालायचे, बाकावर आडवं व्हायचं, परत दोन घाव घालायचे, असा त्यांनी तो पुरा केला. नाव ठोकलं, जन्माचं साल ठोकलं आणि मरणाबद्दल शंकाच नसल्यामुळे तेही ठोकून टाकलं. मग अंथरुणावर पडले, पाद्र्याला बोलावलं, सगळ्यांचा निरोप घेतला, आणि बरे झाले.

आता क्रूसाचं काय करायचं? वितळवायला जीव होईना, कारण काम सुरेख उतरलं होतं. चर्चच्या आवारात ठेवायला पाद्री तयार होईना, कारण माणूस समोर जिवंत. आणि आपले लोक लोखंड टाकत नाहीत, तुला ठाऊकच आहे, आईच्या डब्यात वाकडे खिळे किती होते! पणजोबांनी क्रूसाला दोन भोकं पाडली, बिजागऱ्या लावल्या आणि कोंबड्यांच्या वाड्याच्या फाटकाला खांब म्हणून उभा केला. चाळीस वर्षांहून जास्त तो तिथे होता. पोरं वाटेने जाताना "मेलेला लोहार" म्हणून ओरडत आणि हे आतून उत्तर देत. ताई, ज्या भोकांत आजोबा दर वर्षी रडत रडत मेणबत्त्या खोचायचे, ती कोंबड्यांच्या फाटकाची भोकं आहेत.

गेले ते अडतीस साली, अठ्ठ्याऐंशीचे होऊन. ऑगस्टच्या एका दुपारी भट्टीच्या दाराशी पालथ्या बादलीवर बसून अर्धं कलिंगड खाल्लं, बिया कोंबड्यांना टाकल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. "खाता खाता नाही हं," ब्रिगिटाआजी बोट वर करून म्हणाल्या, "खाऊन झाल्यावर. वाया काही घालवलं नाही त्याने." मी विचारलं, छाती? त्या म्हणाल्या, "भात्यासारखी होती बाबा. आणि भात्याला जपायचा पण तसाच. भात्याची आतली झडप कडक झाली की वासराचं मऊ कातडं घालून दर शरदात नवी करायचा. म्हणायचा, झडप बदलली की भाता पुन्हा पोरगा होतो." त्यांना पुरायचं ठरलं तेव्हा दुष्काळ, गावात कोणाकडे वीतभर लोखंड नाही आणि लोहार तर तेच. मग फाटकाचा क्रूस उपटून दफनभूमीत नेला. कोणीतरी म्हणालं, साल चुकीचं आहे. पाद्री म्हणाले, खरं साल देवाला ठाऊक आहे. एवढ्यावर भागलं. (चर्चच्या दफतरात मी नंतर जाऊन पाहिलं. अडतीस सालच्या पानावर पाद्र्यांनी शाईने लिहून ठेवलं आहे: "वेंडेलिन लोहार, वय ८८. क्रूस स्वतःच्या हातचा. साल बदलले नाही, लोखंड फार टणक." इतके दिवस ते पान तिथेच होतं, आपल्या घरापासून चालत दहा मिनिटांवर.)

मग मी त्यांना तो प्रश्न विचारला जो तुझ्याही तोंडावर आला असेल. म्हटलं, आजी, सेहेचाळीस साली माझे आजोबा परत आले, थडग्यापाशी बसून रडले, अकरा वर्षं स्वतःला बापाचा मारेकरी समजत जगले. अख्ख्या गावाला खरं माहीत होतं. कोणी सांगितलं का नाही?

ब्रिगिटाआजींनी कूखनचा तुकडा मोडला. मग म्हणाल्या, "त्याने विचारलं नाही रे. आम्हाला वाटलं, सख्खा मुलगा, त्याला ठाऊक असणार. आणि रडणाऱ्या माणसाला जाऊन काय सांगायचं, बाबा रे, साल चुकलंय?" आणि नंतर, कूखन खाऊन झाल्यावर, एकदम म्हणाल्या की म्हातारा लोहार उत्तरेकडून येणारी प्रत्येक गाडी थांबवायचा. बैलाला नाल हवा का, चाकाची लोखंडी धाव सैल झाली का, असं काहीतरी काढायचा आणि मग विचारायचा, डाव्या हातावर भाजल्याची खूण असलेला एक पोरगा दिसला का वाटेत? शेवटी शेवटी तर मोटारी थांबवून विचारायचा. पोरगा तेव्हा साठीला आला होता, पण हा पोरगाच म्हणायचा.

आजोबांच्या डाव्या हातावरची ती गुळगुळीत गुलाबी खूण तुला आठवते ना? तू लहान असताना त्यावर बोट फिरवायचीस.

मी वृद्धाश्रमाच्या आवारात गाडीत बसून रडलो, ताई. भीतीने नाही. भीतीने मी रडत नाही, मला दरदरून घाम फुटतो. बाप चाळीस वर्षं येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला विचारत बसला आणि मुलगा आला तो कोणालाच न विचारता लोखंड वाचून बसला. गावात पाऊल टाकून पहिल्याच घराचं दार ठोठावलं असतं तरी त्याला कळलं असतं की बाप त्याच्या जाण्याने मेला नाही, अठ्ठ्याऐंशी वर्षं जगला आणि कलिंगड खाऊन गेला. एवढंसं विचारायचं होतं. पण आपल्यात कोणी विचारत नाही. आपण कोरलेलं वाचतो, त्यावर बाकीचं स्वतःच रचतो आणि नऊ नऊ वर्षं खिशात घेऊन हिंडतो.

फॉर्म भरून नेला. समासात लिहिलं: वेंडेलिन, अठ्ठ्याऐंशी, कलिंगड. डॉक्टर लिंडक्विस्टने ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "उत्तम आहे." मग त्याने मला नवी झडप कशी असते ते दाखवलं, बोटाच्या पेरभर. मी विचारलं, कशाची करतात? तो म्हणाला, गाईवासराच्या हृदयाभोवतीच्या मऊ पातळ पडद्याची. मला एकदम हसू आलं. हसता हसता डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि त्याने मला घाईघाईने आडवं केलं.

तुला वाटेल, चला, आलोइसची भीती गेली. गेली नाही, वाढली. इतके दिवस भीतीला कारण होतं, पणजोबा होते, सत्तेचाळीस होतं. आता छाती कच्ची आहे म्हणायची सबबच उरली नाही आणि भीती मात्र आहे तिथेच आहे, बिनकारणाची, निव्वळ माझी. रात्री छातीवर हात ठेवून ठोके मोजतो आणि मोजता मोजता चुकलो की वाटतं ठोकाच चुकला.

असो. तुला उगाच काळजी नको, म्हणून हे सगळं गमतीने लिहिलं आहे. घराण्याचा इतिहास तुझ्याही कानावर असावा एवढाच हेतू, दुसरं काही नाही. मांजराला माझ्यातर्फे एक मासा दे. उत्तराची घाई नाही.

तुझा धाकटा भाऊ,
आलोइस

ता. क. उत्तराची घाई आहे. ऑपरेशन मंगळवारी, पंधरा तारखेला, सकाळी सहाला आहे. इस्पितळाला नात्यातलं एक माणूस बाहेर बसायला हवं असतं आणि त्याचं नाव आधी लिहून द्यावं लागतं. मी तुझं दिलं आहे. न विचारता दिलं, म्हणजे तीच घराण्याची खोड. म्हणून आता विचारतो: ताई, येशील का? बर्नडीन यायला तयार आहे, पण ती बिया फोडत बसेल आणि मला आतून ऐकू येईल. मला तू हवी आहेस. मी फार घाबरलो आहे. तळघरात म्हणालीस ते खरं होतं, पण तू ते परत म्हणालीस तरी चालेल, जवळ बसून म्हण.

आणखी एक. ऑपरेशननंतर सहा आठवडे मला फाटक उचलता येणार नाही, म्हणून मी त्याला नवा खांब बसवून घेतला आहे. डेलमर वेल्डरकडून लोखंडाचा क्रूस करवून घेतला. माथ्यावर पत्र्याचा सूर्य, बाजूला बिजागऱ्यांची दोन भोकं. नाव ठोकलं, १९४८ ठोकलं आणि त्याखाली यंदाचं सालही ठोकून घेतलं. डेलमर तयार होईना, म्हणाला, असलं अभद्र काम मी करत नाही. मी त्याला समजावलं की आमच्यात याचा गुण आलेला आहे, एक माणूस यावर एक्केचाळीस वर्षं काढून गेला. फाटक आता एका बोटाने उघडतं. मी परत आलो तर ते तसंच राहू दे, पोरांना काय ओरडायचं ते ओरडू दे, मी आतून उत्तर देईन. नाहीच आलो, तर बिजागऱ्या तेवढ्या काढून घ्या. साल बरोबर आहे. दोन्हीकडून लोखंड वाया जात नाही.

शेवटचं. समजा तुला निघायला उशीर झाला, सगळं उरकल्यानंतर तू पोचलीस, आणि फाटकापाशी तुला क्रूस दिसला व मी दिसलो नाही, तर ते साल वाचून तिथेच गवतात रडत बसू नकोस. आधी घरात ये. हाक मार. विचार.